बसून झोपणारी सून

"दम कधीपासून लागतो?"

डॉक्टरबाईंनी विचारलं नूतनला, उत्तर दिलं मंजुळाबाईंनी.

"दम कसाना, बाई! कामनं नाव काढं का तिले दम लागस. तीन वरीस व्हई ग्यात, मी दखस ना."

धुळ्याच्या त्या दवाखान्यात, तातडीच्या वॉर्डात, सकाळची गडबड चालली होती. नूतन खाटेवर ताठ बसली होती. पाय खाली सोडलेले, दोन्ही हात खाटेच्या कडेला रोवलेले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मास्कच्या आत श्वास करवतीसारखा येत-जात होता. पाचवा महिना सरत आला होता आणि प्रत्येक श्वासाला पोट वर उचललं जात होतं. घरी खोकता खोकता तिच्या तोंडातून गुलाबीसर फेस आला, तेव्हा ज्ञानेश्वर घाबरला. गावातली जीप करून त्याने पारोळ्यावरून थेट धुळं गाठलं. ज्ञानेश्वर हा मंजुळाबाईंचा एकुलता एक मुलगा, नूतनचा नवरा. तो आता औषधाच्या खिडकीसमोर उभा होता, त्यामुळे खाटेजवळ बोलायला सासू एकटीच.

डॉक्टरबाईंचं नाव निलोफर. माहेर जळगावचं, बोलणं मऊ, हात चलाख. त्यांनी आधी शिरेतून इंजेक्शन दिलं आणि मग प्रश्न सुरू केले.

"पाणी आणताना, चालताना मधेच थांबावं लागतं का हिला?"

"थांबस म्हंजे? नळवरथीन हंडा आनाले तीन ठिकाने बसस. बठ्ठी गल्ली हासस आमले."

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"आडवं झोपता येतं का?"

"आडवी कोठे झोपस ती! भितले पाठ लाईसन बशी ऱ्हास. मोबाईल दखाले. मंग सकाळे उठाले जीववर येस."

पुन्हा लिहिलं.

मंजुळाबाईंना बरं वाटलं. हे सगळं त्यांनी गल्लीतल्या बायकांना सांगितलं होतं, ज्ञानेश्वरला सांगितलं होतं, घरधन्याला, उखर्डूआबांना, तर रोज जेवताना सांगितलं होतं. आबा 'हूं' करून भाकरी मोडायचे. शिकल्या-सवरलेल्या माणसाने आपलं गाऱ्हाणं असं मान हलवत ऐकावं, वर लिहून घ्यावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना हुरूप आला. नूतन कापूस वेचताना ओळीत सगळ्यांच्या मागे कशी राहते, चार पावलांवर छातीवर हात कसा ठेवते, आडवी झाली की मुद्दाम कसा खोकला काढते, सगळं त्यांनी सांगून टाकलं. नूतन खाली फरशीकडे बघत होती.

"लहानपणी सांधे सुजले होते? गुडघे, घोटे? ताप येऊन?"

हे मंजुळाबाईंना माहीत नव्हतं. नूतनने मान हलवली. मास्कमधून एकच शब्द आला, "शाळामा."

डॉक्टरबाईंनी पेन खिशात ठेवलं. "छातीचा एक्स-रे काढू. इथेच, खाटेवर."

चाकांचं मशीन आलं. नूतनच्या पोटावर शिशाचा जड एप्रन बांधला, तेव्हा मंजुळाबाईंनी घाईघाईने विचारलं, "पोरले काही व्हवाव नही ना, बाई?"

"बाळाला झाकलंय, मावशी. आणि बाळाचं नंतर. आधी आई."

ते 'आधी आई' जरा कडक होतं की तसं आपल्यालाच वाटलं, हे मंजुळाबाईंना कळलं नाही.

मंजुळाबाई काही वाईट बाई नव्हत्या. गावात कुणाची बाळंतीण अडली, कुणाचं मयत झालं, तर पदर खोचून पहिल्या त्याच पोचत. ज्ञानेश्वरच्या वेळेस दुपारपर्यंत त्यांनी कापूस वेचला आणि दिवेलागणीला तो झाला; ही गोष्ट गावात अजून सांगत. माणूस कसा आहे, हे त्याच्या हाताला काम किती यावरून ठरतं, असं त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी ते कधी उलटून पाहिलं नव्हतं. नूतन घरात आली ती गोरी, बारीक, हसऱ्या तोंडाची. पहिल्याच हंगामात ती शेतात मागे पडली. मंजुळाबाईंनी चार महिने वाट पाहिली, मग एक दिवस वेचणीच्या बायकांसमोर म्हणाल्या, "ही काय सून शे? ही तं पाहुनी शे." बायका पोट धरून हसल्या. तेव्हापासून गावात तिचं नाव पाहुनी पडलं. पोरंसोरंही तेच म्हणू लागली.

एकदा दाखवलंही होतं तिला, नाही असं नाही. जवळच्या एका डॉक्टरने नाडी धरली, रक्त कमी आहे म्हणून लाल बाटली दिली. बाटली संपली, दम तसाच राहिला. "दख, औषधबी लागू पडत नही," मंजुळाबाई म्हणाल्या होत्या. "आळसले कोठे औषध ऱ्हास?"

एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर उमटला. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर कुंदन वाकून बघायला लागले. त्यांच्या पाठीमागून मंजुळाबाईंनाही दिसत होतं. फासळ्यांचा काळापांढरा पिंजरा आणि त्यात मधोमध मोठा पांढरा गोळा.

"मॅडम, दोन्हीकडे न्यूमोनिया वाटतोय."

"ताप आहे?" निलोफर म्हणाल्या. "नाही. आणि पांढरं कुठे आहे बघ. मधून निघून दोन्हीकडे सारखं पसरलंय, पंखांसारखं. आता फुप्फुसं क्षणभर सोड. हृदयाची कड बघ. डावीकडे इथे ती आत वळायला हवी. इथे पट्टीने आखल्यासारखी सरळ आलीय. आणि उजवीकडे, कडेच्या आत आणखी एक कड दिसते?"

"दिसते."

"डावा वरचा कप्पा फुगलाय, त्याची ती कड. पण नुसत्या फोटोवर बोलायचं नाही. सोनोग्राफीचं मशीन आण."

सोनोग्राफी म्हटल्यावर मंजुळाबाई पुढे झाल्या आणि नूतनच्या पोटावरचा पदर बाजूला करू लागल्या. त्यांना त्या मशीनचा तेवढाच उपयोग ठाऊक होता.

"पोट नाही, मावशी. छाती," निलोफर म्हणाल्या आणि त्यांनी खाटेभोवती पडदा ओढला.

थंड जेल लागल्यावर नूतन शहारली. हातातला दांडा डॉक्टरबाईंनी बरगड्यांच्या मधे टेकवला, एका जागी, मग दुसऱ्या, मग पलीकडच्या बाजूला. छोट्या पडद्यावर वरून खाली पांढरे पट्टे उतरत होते आणि श्वासाबरोबर सरकत होते. रात्रीच्या रस्त्यावर मोटारीचे झोत पडावेत तसे.

"कोरड्या फुप्फुसात असे पट्टे येत नाहीत," त्या कुंदनला म्हणाल्या. "सगळीकडे आहेत, दोन्ही बाजूंना. हे पाणी आहे. आता हे कुठून आलं ते बघू."

दांडा छातीच्या मध्याजवळ सरकला. पडद्यावर अंधारात काहीतरी धडपडू लागलं. निलोफरनी दांडा थोडा तिरका केला. मग त्यांनी हात स्थिर धरला आणि मान वळवली.

"मावशी, इकडे या. बघा."

मंजुळाबाई पदराला हात पुसत जवळ गेल्या.

"हे तुमच्या सुनेचं हृदय. फुप्फुसातलं रक्त या वरच्या कप्प्यात येतं, आणि या झडपेतून खाली जातं. झडप म्हणजे दार समजा. ते दर ठोक्याला सताड उघडायला हवं, दोन बोटं जातील एवढं. हिचं दार कडांना चिकटलंय. पेन्सिल जाईल एवढंच उघडतं. बघा, जोर लावतंय, पण उघडत नाही."

मंजुळाबाई बघत राहिल्या. त्यांना कप्पे कळले नाहीत, पण दार कळलं. दोन पांढऱ्या झापा वाकत होत्या, थरथरत होत्या आणि होत्या तिथेच अडत होत्या. पुन्हा, पुन्हा. कितीही बघितलं तरी ते थांबत नव्हतं. एवढी मेहनत करणारं काही त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साचतं," निलोफर सांगत होत्या. "चाललं की वाढतं. आडवं झालं की आणखी वाढतं. म्हणून ही बसून झोपते. आडवी झाली की गुदमरते. लहानपणी तो सांध्यांचा ताप येऊन गेला, त्याने झडप खराब केली. आता पोटात बाळ, अंगातलं रक्त वाढलं, आणि कसंबसं चाललं होतं ते कोलमडलं."

मग त्यांनी दांडा उचलला, नूतनची छाती कापसाने पुसली, आणि मंजुळाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाल्या, "तुम्ही फार बारीक लक्ष ठेवलंत, मावशी. बसून झोपते, मधे थांबते, आडवी झाली की खोकते. अर्धं निदान तर तुमच्या सांगण्यावरूनच झालं. असं घरातलं माणूस सोबत असलं की आम्हाला सोपं जातं."

कुणी भर चौकात कानाखाली मारली असती, तर ती मंजुळाबाईंनी सोसली असती. हा खांद्यावरचा हात त्यांना सोसेना.

दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनी एक गोधडी धुऊन पेटीत ठेवली होती. नूतन ती घडी करून पाठीशी घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायची. "पाठले गादी लागस व्हय मालकीनले," असं म्हणून पेटीला कुलूपही घातलं होतं. त्यानंतर नूतन भिंतीला नुसतीच टेकायची. एकदाही गोधडी मागितली नाही तिने. हे त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं.

दुपारपर्यंत इंजेक्शनाने पाणी उतरलं. मास्क काढून नाकात नळी लावली. नूतनच्या ओठांना रंग आला. निलोफर फेरीला आल्या तेव्हा मंजुळाबाई उशाशी बसल्या होत्या आणि ज्ञानेश्वर पायाशी.

"इतकी वर्षं हे होत होतं," डॉक्टरबाईंनी नूतनला विचारलं, "तर कुणाला सांगितलं का नाहीस गं? नवऱ्याला तरी?"

मंजुळाबाईंनी डोळे मिटून घेतले. आता ही सांगणार. सांगू दे. वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ऐकू जाऊ दे.

नूतनने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाली, "माले वाटे, मी आळशीच शे."

"म्हणजे?"

"बठ्ठा म्हनेत तसं. माले वाटे, बठ्ठासले दम लागत व्हई. त्या करतस, मन्हाकडथीन व्हत नही. मन्हाच जीव कामले भीत व्हई."

कुणावर ठपका नव्हता त्यात. ज्ञानेश्वर उठून बाहेर निघून गेला. मंजुळाबाईंना उठताही येईना. त्या सुनेला टोचून बोलल्या होत्या, त्याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं: घरोघरी सासवा बोलतात. पण आपलं बोलणं त्या पोरीने खरं मानलं होतं. बुडणाऱ्या माणसाने काठावरच्यांचं ऐकून आपण नाटक करतोय असं समजावं, तशी ती तीन वर्षं आपल्याच श्वासाला नावं ठेवत बसली होती.

"चहा पेशी?" त्यांनी विचारलं.

"नको, आत्याबाई. तुमी प्या. तुमी सकाळपशी काही खाधं नही."

संध्याकाळी एरंडोलकडून नूतनची आई बेबाबाई आल्या. बसमधून उतरून तशाच धावत आलेल्या, हातात पिशवी, केस सुटलेले. त्यांनी आधी मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्या वळल्या आणि, काय होतंय हे कळायच्या आत, मंजुळाबाईंच्या पायाशी बसल्या.

"याहीनबाई, माफ करा हो आमले. पोरीना गुडघा सुजेल व्हतात, ते आमले माहीत व्हतं. पन त्यानं असं व्हई, हाई माहीत नव्हतं. आमीन तुमले फसाडं नही. देवशप्पथ. तुमना घरले वझं व्हयनी मनी पोर. दुसरी सासू ऱ्हाती तं कवयच माहेरले धाडी देती. तुमीन सांभाळी."

शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकाने मंजुळाबाईंकडे बघू लागली. मंजुळाबाईंनी नूतनकडे पाहिलं. नूतनने मान खिडकीकडे वळवली होती. म्हणजे हिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. फोनवर रोज बोलायची, तरी नाही. सासूची अब्रू तिने त्या अडलेल्या श्वासातही झाकून ठेवली होती, आणि आत्ताही झाकत होती.

एक क्षण, मोठा क्षण, मंजुळाबाई गप्प राहिल्या. तो क्षण त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवला. मिळालेला मान परत करायला त्यांना तेवढा वेळ लागला होता.

"उठा, याहीनबाई," त्या शेवटी म्हणाल्या. "मी नही सांभाळी तिले. मी तिले भलतं-सलतं बोलेल शे. चार बायास्मा तिनं नाव ठेयेल शे."

बेबाबाईंनी डोळे पुसले आणि त्या चक्क हसल्या. "एवढंच व्हय? सासू नही बोलनार तं कोन बोलनार? मनी सासू तं चिमटा तापाडे."

"तसं नही..."

"जाऊ द्या हो. तुमनं मन मोठं, म्हनून तुमले लागस. बसा. मी चहा लई येस."

आणि त्या चहा आणायला गेल्या. मंजुळाबाईंचं बोलणं तिथेच, फरशीवर सांडल्यासारखं पडून राहिलं. गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशच म्हणाला, हा तर रोजचाच, घरी जा. शिक्षा झाली असती तर बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आठवडाभराने नूतनला नाशिकला नेलं. मांडीच्या शिरेतून तार घालून हृदयापर्यंत फुगा नेला, चिकटलेलं दार फुगवून मोकळं केलं. पोटावर पुन्हा ते शिशाचं जड पांघरूण होतं. मंजुळाबाई बाहेर बाकावर बसून होत्या. या वेळी कुणी डॉक्टर समोर आलं असतं, तर त्यांनी बाळाआधी सुनेचं विचारलं असतं. पण कुणी आलं नाही.

परतताना धुळ्याला दाखवायला थांबले. निलोफरनी पुन्हा तो दांडा बरगड्यांवर टेकवला. पडदा काळा होता, स्वच्छ. पांढरे पट्टे गेले होते. "बघितलंत, मावशी? कोरडं झालं," त्या म्हणाल्या. मंजुळाबाईंनी हात जोडले. डॉक्टरबाईंना वाटलं, आभाराचे.

तिथूनच बेबाबाई लेकीला माहेरी घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरचंच. ज्ञानेश्वर दर रविवारी जाऊन यायचा. मंजुळाबाई म्हणायच्या, "मी येस पुढला रविवारे." पुढचा रविवार यायचा आणि जायचा.

वेचणीचा शेवटचा फेर चालला होता तेव्हा शेतात एका बाईने विचारलं, "पाहुनी कवय येई वं?"

मंजुळाबाई ताठ झाल्या. "तिनं नाव नूतन शे."

बाईला वाटलं, थट्टा. ती हसली, बाकीच्याही हसल्या. "तूच तं ठेयेल शे नाव!"

"मीच ठेयेल शे. आते मीच सांगस, नका म्हनू."

बायका पुन्हा वेचायला लागल्या. पण दुसऱ्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या कुणीतरी पुन्हा तेच म्हटलं. नाव ठेवणं त्यांच्या हातात होतं, पुसणं नव्हतं.

चैत्रात नूतनला मुलगी झाली. आई-लेक दोघी खुशाल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस होते, तेव्हा मंजुळाबाईंनी आंगडी-टोपडी बांधली, सांजोऱ्या तळल्या, आणि एकट्या एरंडोलच्या बसमध्ये बसल्या.

बेबाबाईंचं घर गावाच्या टोकाला. आखाजीच्या तोंडावर माहेरवाशिणी आलेल्या, त्यामुळे दारापुढच्या निंबाला झोका बांधला होता आणि त्यावर दोन पोरी उंच झेप घेत होत्या. घराच्या खिडकीतून कुणीतरी बाई त्यांना ओरडत होती. आवाज कसला खणखणीत! एक पोरगी भ्याली तर तिला चिडवत, दुसरीला जोर लावायला सांगत, मधेच लहानपणी आपण याच झोक्यावरून उकिरड्यात कशी पडलो ती गोष्ट सांगत, हसत, न थांबता, एका श्वासात. मंजुळाबाई वाटेतच थांबल्या. त्यांना वाटलं, नूतनची एखादी चुलत बहीण असेल. त्यांनाही हसू आलं. असं माणूस घरात असलं की घर कसं भरून जातं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

मग खिडकीच्या गजांपाशी तोंड दिसलं. नूतनच होती.

तीन वर्षं एका छपराखाली राहून मंजुळाबाईंनी हा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

नूतनची नजर वाटेकडे गेली. आवाज शब्दाच्या मधेच तुटला. तिने झटकन पदर डोक्यावर घेतला आणि हळू, अगदी हळू म्हणाली, "या, आत्याबाई."

झोक्यावरच्या पोरींनी पाय टेकून झोका थांबवला.

मंजुळाबाई आत गेल्या. बाळाला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळाचा वास घेतला. आंगडी-टोपडी दिली. नूतनने खाली वाकून नमस्कार केला, उठताना तिला दम लागला नाही. "तब्येत बरी शे?" "बरी शे." "झोप लागस?" "लागस." एवढंच बोलणं झालं. खोलीत शांतता पसरली. माणसं परकं कुणी आलं की धरतात तशी.

"तुनं चालू दे," मंजुळाबाई म्हणाल्या. "पोरीसले काय सांगी राहिनती, ते सांग."

नूतन कसंनुसं हसली. पदर आणखी पुढे ओढला.

"आठे उकडस," असं म्हणून मंजुळाबाई उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या, खिडकीकडे पाठ करून. ऊन तापलं होतं. बेबाबाईंनी आतून दोनदा हाक मारली, "याहीनबाई, सावलीमा या." त्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने झोक्याची दोरी करकरली. मग खिडकीतून आवाज आला, आधी चाचरत, मग थोडा वर चढत. मंजुळाबाईंनी मान वळवली नाही. पदराने घाम पुसून घेतला आणि तशाच, समोरच्या रिकाम्या वाटेकडे बघत, बसून राहिल्या.